शिट्टीचे ओठ

आमच्या शाळेत घंटा होती, पण ती शिपायाचं मन मोडू नये म्हणून. शाळा चालायची ती पी.टी.च्या मॅडमच्या शिट्टीवर. सक्करदऱ्याच्या तलावाला वळसा घालून येताना फाटक दिसायच्या आधी ती शिट्टी कानावर पडायची, आणि पडली की मी, दोन लेकरांची आई आणि दहावीला मराठी शिकवणारी जबाबदार बाई, ओढणी खोचून धावत सुटायचे. उशीर झाला तर मुख्याध्यापक नुसते चष्म्यावरून बघायचे. मॅडम मात्र फाटकातच खिशातून पिवळं कार्ड काढून दाखवायच्या, तेही मुलींच्या रांगेसमोर. त्यापेक्षा पगार कापलेला परवडला.

शिट्टी पितळी होती. इतर बायकांच्या गळ्यात जिथे मंगळसूत्र असतं तिथे ती काळ्या गोफात लटकलेली असायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "सरावाले वेळ नसता भेटला." दुसऱ्यांच्या लग्नाला मात्र हौसेनं यायच्या, काठापदराची साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. आमच्या गणिताच्या सरांच्या मुलाची वरात नाचण्यात रेंगाळली, मुहूर्त टळायला आला, तेव्हा मॅडमनी अशी एक शिट्टी मारली की घोडी आपली आपण मांडवाकडे चालू लागली. नवरदेवाचं मत कुणी विचारलं नाही.

त्यांच्या मोपेडचा हॉर्न बंद पडलेला होता आणि तो त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. "हार्न कोण ऐकते वं आजकाल?" सीताबर्डीच्या तुंबलेल्या रस्त्यात त्या शिट्टी फुंकायच्या आणि ऑटोवाले दचकून बाजूला व्हायचे. त्यातल्या अर्ध्यांच्या बायका आमच्याच शाळेत शिकलेल्या असणार, घरात दरारा पोचलेला असणार, असा माझा अंदाज.

त्या कधी बसत नसत. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर आम्ही वह्यांचे गठ्ठे ठेवायचो. डबा उभ्यानं, चहा उभ्यानं, कोपऱ्यावरचे तर्री-पोहेही उभ्यानं, नाकातून पाणी गळत असतानासुद्धा. "बसलं का गंजलं," हे त्यांचं एकमेव सुभाषित. मी मराठीची शिक्षिका असल्यानं त्याचा अर्थ विस्तार करून सांगायचा मोह मला व्हायचा. त्या म्हणायच्या, "तू विस्तारच करून राहिली वं, कंबर बघ."

वेळेच्या बाबतीत त्या सख्ख्या आई-बापालाही ओळखत नसत. मुख्याध्यापकांनी एकदा सभेत शिस्त या विषयावर दहा मिनिटं बोलतो म्हणून सुरुवात केली. अकराव्या मिनिटाला शिट्टी वाजली. "टाइम झाला सर." सर तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि मग खाली बसले. शिस्तीवरचं इतकं परिणामकारक व्याख्यान मी पुन्हा ऐकलं नाही.

खो-खोच्या त्या पंच होत्या. नुसत्या पंच नव्हे, जिल्ह्यात बायका पंच होत नसत त्या काळातल्या. पहिल्या सामन्याला पुरुष पंचांनी त्यांना शिट्टीच दिली नाही, "मॅडम, तुम्ही स्कोअर लिहा" म्हणाले. मॅडम तिथून थेट इतवारीत गेल्या, भांड्यांच्या दुकानातून ही पितळी शिट्टी घेतली आणि दुपारच्या सामन्याला मैदानात उभ्या राहिल्या. तेव्हापासून तीसेक वर्षं आउटला एक आखूड आणि फाऊलला सलग, असा त्यांचा हिशेब चालू होता. आपल्या शाळेची मुलगी असली तरी आउट ती आउट. पालक भांडायला आले तर त्यांनाही मैदानाला एक फेरी मारायला लावायच्या. दमलेला माणूस कमी भांडतो, हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं.

नट्टापट्टा त्यांना वर्ज्य नव्हता, त्याची फक्त परीक्षा असायची. नववीतली एखादी मुलगी ओठ रंगवून आली की मॅडम रागवायच्या नाहीत. दोन फेऱ्या धावायला लावायच्या. "घामात लाली टिकली तर लाव बापा रोज. माल चांगला आहे म्हणायचा."

अशा बाईनं सुई टोचून ओठ भरून घेतले हे मी सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. मला तर डोळ्यांनी बघूनही वाटलं होतं.

त्याला कारण झाली आमच्या शाळेची एक चाल. जो शिक्षक जूनमध्ये निवृत्त होणार त्याचा मोठा रंगीत फोटो आदल्या दिवाळीतच काढून ठेवतात, कारण फ्रेमवाला कधीच वेळेवर देत नाही. मग तो फोटो जिन्याजवळच्या भिंतीवर लागतो. सगळे फोटो गंभीर, सगळ्यांच्या मागे तोच निळा पडदा. मुली त्या भिंतीला 'श्रद्धांजली' म्हणतात, आणि त्यात जिवंत माणसं जास्त आहेत हे त्यांना कुणी समजावू शकलेलं नाही.

त्या दिवाळीत फोटोची पाळी मॅडमची होती. त्या आयुष्यात पहिल्यांदा पार्लरमध्ये गेल्या, फक्त भुवया नीट करायला. भुवया करणाऱ्या पोरीनं दोरा तोंडात धरून सहज विचारलं, "आंटी, तुम्ही स्मोकिंग करता का?"

"मी?"

"नाही, ओठांवर लाइना पडल्या ना खूप. बिडी-सिगरेटवाल्यांना येतात अशा."

रेघा होत्या, हे खरं. वरच्या ओठावर बारीक उभ्या रेघा, तीस वर्षं शिट्टी दाबून धरल्यानं पडलेल्या. आम्हाला त्या कधी वेगळ्या दिसल्याच नव्हत्या. पण ज्या बाईनं पानाच्या टपरीसमोरून जातानाही श्वास रोखून धरला तिला कुणी बिडीवाली म्हणावं! त्या भुवया अर्ध्या सोडून उठायला निघाल्या, तेव्हा त्या पोरीनं दुसरी बातमी दिली. वरच्या मजल्यावर दर शनिवारी एक डॉक्टर येतात, सुई देतात, रेघा गायब. आणि दिवाळीची ऑफर चालू आहे, वरचा ओठ भरला की खालचा मोफत.

मॅडम कुठल्या मोहाला बळी पडल्याचं माझ्या माहितीत नाही. पण 'एकावर एक' या दोन शब्दांपुढे नागपूरची भली भली माणसं वाकतात, आणि चाळीस टक्क्यांच्या सेलमध्ये नको ते ब्लाउजपीस घेणाऱ्या मला तर बोलायची सोयच नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी स्टाफरूममध्ये जे झालं ते बघण्यासारखं होतं. मॅडम आत आल्या आणि आम्ही सगळ्या वह्या तपासू लागलो. इतक्या वह्या त्या खोलीत कधी तपासल्या गेल्या नव्हत्या. मुख्याध्यापक सहानुभूतीनं म्हणाले, "दाढ काढली का मॅडम?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "छान, फ्रेश वाटतं," आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मला राहवलं नाही. "मॅडम, हे काय करून आल्या तुम्ही?"

"काहून? चांगलं नाही दिसत?"

"दिसतं. पण तुम्ही नाही दिसत."

"फोटोपुरतं आहे वं," त्या म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना ओशाळताना पाहिलं.

प्रार्थनेला सगळ्या मुली मैदानात उभ्या होत्या. मॅडम चौथऱ्यावर चढल्या, शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

फुस्स.

त्यांनी शिट्टी काढून पाहिली, झटकली, पुन्हा फुंकली. दोन्ही कोपऱ्यांतून हवा निसटली आणि सायकलचं चाक पंक्चर व्हावं तसा आवाज आला. फुगलेले ओठ शिट्टीभोवती आवळतच नव्हते. पाचवीच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं आणि मागे पसरत गेलं. मॅडमनी टाळ्या वाजवून रांगा सोडल्या. त्या खाली उतरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

मग उपाय सुरू झाले. प्लॅस्टिकची शिट्टी आणली, जाड तोंडाची आणली, बर्फ लावला, चिकटपट्टी लावली. बोटांनी ओठांचे दोन्ही कोपरे दाबून धरले तर बारीक आवाज यायचा, पण मग दोन्ही हात तोंडाशी, आणि पंचाला तर हातांनीच खुणा करायच्या असतात. संस्कृतच्या बाईंनी एका देवीचा नवस सुचवला. मॅडम म्हणाल्या, "मी बुद्धाची माणूस. मले नवस चालत नाही, सराव चालते." आणि खरंच खेळाच्या सामानाच्या खोलीत दार लावून त्या मधल्या सुट्टीत सराव करायच्या. बाहेर फुस्स फुस्स ऐकू यायचं. मुख्याध्यापकांनी कौतुकानं बटणवाली, बॅटरीवरची शिट्टी मागवून दिली. मॅडमनी ती दाबून पाहिली आणि परत केली. "हे गॅसवाल्याले द्या सर. याच्यात फुंकणारा माणूस कोठं आहे?"

तिकडे शिपायाला मात्र चांगले दिवस आले. तो रोज ब्रासो लावून घंटा चकाकवू लागला.

शनिवारचे डॉक्टर म्हणाले, चिंता करू नका, आठ-दहा महिन्यांत आपोआप विरघळेल. मॅडमपाशी आठ-दहा महिने नव्हते. जूनला निवृत्ती होती आणि जानेवारीच्या सुरुवातीला जिल्ह्याचा अंतिम सामना. तो दर वर्षी त्याच खेळवायच्या, हा शेवटचा होता. पंचमंडळाच्या प्रमुखांपर्यंत गोष्ट पोचलीच. त्यांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, यंदा आराम करा. नव्या पोरांना चान्स देऊ." फोन ठेवल्यावर मॅडम खुर्चीवरचे वह्यांचे गठ्ठे बाजूला करून बसल्या. मी घाबरले.

मीच मग चौकशी केली. धरमपेठेत एक डॉक्टरीणबाई होत्या, ओठ-गाल भरत नव्हत्या, दुसऱ्यांनी भरलेलं विरघळवून देत होत्या. मोपेडवर मागे बसून मी गेले. सीताबर्डीत एक ऑटो आडवा आला. मॅडमचा हात सवयीनं शिट्टीकडे गेला आणि परत हँडलवर आला. ऑटोवाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. आम्ही त्याचा धूर खात उभ्या राहिलो.

त्या दवाखान्यातली बाहेरची खोली मी विसरणार नाही. भरायला जातात तेव्हा लोक आरशासमोरचे फोटो टाकतात, काढायला येतात तेव्हा मास्क लावून. सगळे मास्कमध्ये, सगळे भिंतीकडे बघत, एखाद्या मयतीला चुकून आलेल्या परक्यांसारखे. एका तरुणाला मर्दानी जबडा हवा होता, तो मिळालाही होता, आता हेल्मेटचा पट्टा लागत नव्हता. एक बाई नवऱ्याला फोनवर सांगत होत्या की त्या भाजी घेत आहेत. मॅडम एकट्याच बिनमास्कच्या, आणि उभ्या.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. भरताचं वांगं बघावं तसे त्यांनी ओठ दाबून पाहिले.

"कोणी भरलं?"

"शनिवारच्या डॉक्टरनं."

"नाव?"

"शनिवारच म्हणते सगळे."

"किती भरलं?"

"ऑफर होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "हे विरघळतं. एका एन्झाइमचं इंजेक्शन आहे, एक-दोन दिवसांत फरक पडतो. आधी हातावर थेंबभर टोचून अर्धा तास बघू. सामना कधी म्हणालात? होऊन जाईल."

मॅडमच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"थोडे प्रश्न आहेत. कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"नाही."

"दमा?"

"मैदानाच्या पाच फेऱ्या मारते मी."

"मधमाशी किंवा गांधीलमाशी डसली होती कधी? अंगावर गाठी, चेहरा सुजणं, श्वास अडकणं, असं काही?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. आणि माझ्याकडे पाहिलं.

ते मला माहीत होतं. मी तिथे होते. दहाएक वर्षांपूर्वी रामटेकच्या सहलीत सहावीतल्या एका मुलीनं झाडावरच्या पोळ्याला दगड मारला होता. आम्ही बाकीच्या बाया वाट फुटेल तिकडे पळालो. मी पण पळाले, हे सांगायला हवं. मॅडम पळाल्या नाहीत. सतरंजीखाली सात-आठ मुली दडपून त्या सतरंजीच्या वर आडव्या पडल्या आणि तशाच पडून शिट्टी फुंकत राहिल्या, म्हणजे बाकीच्या मुलींना बस कुठल्या बाजूला आहे ते कळावं. शिट्टी थांबली तेव्हा आम्ही परत गेलो. डोळे दिसत नव्हते इतका चेहरा सुजला होता, श्वास येत नव्हता. सरकारी दवाखान्यात प्राणवायू लावून त्यांना परत आणलं. तिथल्या डॉक्टरनं मला बजावून सांगितलं होतं, यापुढे एक माशी डसली तरी खेळ नाही.

आता नर्सनं मॅडमचा हात पुसला. मी गप्प होते. मलाही ती शिट्टी परत हवी होती. मॅडमचं आयुष्य मॅडमचं आहे, अर्धा तास तर बघणारच आहेत, असं मी मनाला सांगत होते. मनाला असं समजावणं मला चांगलं जमतं. सुई हाताजवळ आली आणि मला रामटेकच्या खाटेवरचे ते निळे ओठ दिसले.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले. "यांना मधमाशा डसल्या होत्या. खूप. श्वास बंद झाला होता."

नर्सनं सुई ट्रेमध्ये ठेवली.

"फाऊल," मॅडम हळू आवाजात मला म्हणाल्या. "तू फाऊल केला."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मधमाशीच्या विषात असतं त्याच जातीचं हे एन्झाइम आहे. तुमच्या शरीरानं ओळखलं तर पुन्हा तेच होईल."

"होईन तर होईन. तुमच्यापाशी औषध आहे ना त्याचं?"

"ओठाची रक्तवाहिनी बंद पडली असती, कातडी मरत असती, तर मोठ्या दवाखान्यात भरती करून हा धोका पत्करला असता. शिट्टीसाठी नाही."

"शिट्टीसाठी नाही." मॅडमनी ते शब्द पुन्हा म्हटले. "मंग जीव काहाले असते मॅडम?"

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "मार्च-एप्रिलपर्यंत बरेच उतरतील. थांबा."

मॅडम उठल्या, जिना उतरल्या, मोपेड चालू केली आणि मला रस्त्यावर सोडून निघून गेल्या. मी मेट्रोनं घरी आले. एका बाजूला जीव वाचवल्याचा अभिमान आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तोंडचा घास काढल्यासारखी चुटपुट, अशी मी त्या डब्यात उभी होते.

पुढचा महिनाभर मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. शत्रुत्वसुद्धा त्या नियमानं करायच्या. मला काही सांगायचं असलं तर शिपायाला मध्ये उभं करून सांगायच्या, मी समोर असले तरी. "त्याहिले सांग, आठवीचा तास सोडा." शिपाई मला सांगायचा, "आठवीचा तास सोडा." मी उशिरा आले तर पिवळं कार्डही नाही. फाटकात त्या माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायच्या. एवढा अपमान मला कुठल्या कार्डानं वाटला नव्हता. नंदनवनातल्या त्यांच्या घरी मी एका रविवारी तिळगूळ घेऊन गेले, संक्रांतीला अजून वेळ होता, पण निमित्त सुचलं नाही. दार उघडलं, डबा आत घेतला आणि दार लागलं.

त्या वर्षी आमच्याच मुली अंतिम सामन्यात पोचल्या. नेमक्या त्या वर्षी! मैदानातले पंच नवे दोन तरुण नेमले होते. पण वेळाधिकाऱ्याच्या टेबलावर कोण बसणार यावरून दोन्ही शाळांत वाद झाला, आणि समोरच्याच शाळेच्या प्रशिक्षकानं मॅडमचं नाव सुचवलं. "त्यांची शाळा असू द्या. बाईचं घड्याळ बाईचंही ऐकत नाही," तो म्हणाला. शिट्टी मारायची ती डाव सुरू होताना आणि संपताना, एवढीच. पंचमंडळानं उपकार केल्यासारखं ते काम दिलं आणि मॅडमनी ते घेतलं. म्हणजे बसायचं काम घेतलं.

मी मुलींना घेऊन मैदानावर गेले होते. सामन्याआधी मॅडम सरळ माझ्याकडे आल्या.

"इकडे ये वं."

महिन्यानंतरचे पहिले शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"एका हातात घड्याळ, अंगठा बटणावर. उरला एक हात आणि ओठाचे कोपरे दोन. तू बाजूले बस आणि धर."

"राग गेला का मॅडम?"

"नाही गेला. पण फाऊल माझा होता, तुझा नाही. खोटं मी बोलली." आणि लगेच, "बोटं धुतली का?"

पाण्याच्या टाकीमागे आम्ही दोनदा करून पाहिलं. आवाज निघाला. जुना नव्हे, पण शिट्टीचाच.

टेबलावर एक पोक्त बाई दुसऱ्या पोक्त बाईचं तोंड चिमटीत धरून बसली आहे, हे दृश्य लोकांना सामन्यापेक्षा आवडलं. मोबाइल वर झाले. पहिल्या डावाची शिट्टी वाजली तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमची नजर घड्याळावरून हलली नाही.

शेवटच्या डावात पाठलाग आमच्या मुली करत होत्या. एक गुण मागे होतो. एक गडी बाद झाला की बरोबरी आणि जादा डाव, नाहीतर ढाल त्यांची. समोरची शेवटची धावणारी चिवट होती, हुलकावण्या देत खांबाकडे निसटत होती. आमच्या कर्णधार मुलीला खो मिळाला. ती उठली आणि दोन ढांगांत तिच्या मागे पोचली. सगळं मैदान उभं राहिलं. माझ्या बोटांखाली मॅडमचे ओठ आवळले, श्वास आत गेला, आणि मला कळलं की वेळ संपते आहे.

आमच्या मुलीनं सूर मारला.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. माझी बोटं सैल झाली. जराशीच. शिट्टी फुस्स झाली असती तर दुसऱ्यांदा फुंकेपर्यंत ती मुलगी पोचली असती, आणि कुणी कुणाला दोष दिला नसता. बाईचे ओठ बिघडलेत हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. मॅडमनी घड्याळावरची नजर न काढता खांद्यानं माझं कोपर वर ढकललं. मी कोपरे घट्ट धरले. शिट्टी वाजली, खणखणीत. आमच्या मुलीचा हात समोरच्या मुलीच्या पाठीला लागला तो त्या शिट्टीनंतर. वीतभर अंतर होतं. सगळ्यांनी पाहिलं, ती मुलगी मातीत तशीच पडून रडली तेही पाहिलं.

ढाल त्यांना मिळाली. समोरच्या शाळेच्या प्रशिक्षकानं येऊन मॅडमना वाकून नमस्कार केला. आमचे मुख्याध्यापक मात्र तरातरा आले. त्यांनी शाळेच्या फाटकावर लावायचा अभिनंदनाचा फलक आधीच छापून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

"मॅडम, जिंदगीभराची नोकरी झाली तुमची या शाळेत. अर्धा सेकंद! अर्धा सेकंद उशीर झाला असता तर काय बिघडलं असतं? ओठावर ढकलून देता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं."

मॅडम रुमालानं शिट्टी पुसत होत्या. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर माझ्या नखांच्या लाल खुणा उमटल्या होत्या.

"ओठ तर येऊन जातीन सर जागेवर. डॉक्टरीणबाई म्हणे, मार्च-एप्रिल," त्या म्हणाल्या. "मी कोणत्या महिन्यात जागेवर आली असती?"